दुखतंय दाढेत, दुखणं गालात

(क्लोजअप. खिडकीच्या उजेडात पिवळा साचा.)

हा साचा बघा. डेंटल स्टोनचा आहे, म्हणजे तोंडातल्या मापावरून ओतलेले दात. मामांनी बोट ठेवलंय तो वरचा सुळा. सुळा म्हटलं की टोक आलंच ना, पण याला टोकच नाहीये, कुणी कानस मारून बसवल्यासारखा सपाट झालाय. आता खालचा साचा. खालचा सुळाही तसाच. मामा दोन्ही साचे एकावर एक ठेवतात, खालचा जरासा उजवीकडं सरकवतात, आणि... बसले. सपाटीवर सपाटी, मध्ये कागद जाणार नाही इतके बसले. भाकरी चावताना कुणाचा जबडा एवढा बाजूला जात नाही. हे सगळं झोपेत झालंय.

मामा मिरजेत दातांची लॅब चालवतात. जुने लोक अजून डेंटल मेकॅनिक म्हणतात, मामांनाही तोच शब्द आवडतो. आणि हे दात ज्यांचे, त्या तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिका. नाव सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणून आपण पण बाईच म्हणू, शाळेतली पोरं म्हणतात तसं.

(काळा पडदा. फक्त आवाज, १२ सेकंद.)

हे रेकॉर्डिंग आमचं नाही. रात्री घरात कॅमेरा नको म्हणाल्या बाई, आणि बरोबरच आहे. त्यांचा मुलगा बारावीला आहे, रात्री अभ्यासाला बसला होता, शेजारच्या खोलीतून करकर आवाज आला म्हणून आधी त्याला वाटलं उंदीर. मग त्याने मोबाईल दारात ठेवून हे टिपलं. सकाळी आईला ऐकवलं तर आई म्हणाली, ही मी नव्हेच.

मराठीत याला साधा शब्द आहे, दात खाणं. पोरगं झोपेत दात खायला लागलं की आजी म्हणते जंत झालेत, औषध द्या. जंताचं औषध द्यायचं ते द्यावं, पण जंतांमुळे दात खाल्ले जातात हे काही सिद्ध झालेलं नाही. लहान मुलांमध्ये हे खूप असतं आणि बहुतेकांचं वय वाढेल तसं आपोआप कमी होतं. मोठ्या माणसांत ढोबळमानाने १०० मध्ये ८ जण झोपेत दात खातात असं धरतात. डॉक्टरी भाषेत ब्रक्सिझम. आणि यात दोन प्रकार आहेत हे लक्षात ठेवा, कारण पुढं कामाला येणार आहे. एक झोपेतला, दुसरा जागेपणीचा. जागेपणी बहुतेक लोक घासत नाहीत, नुसते आवळून धरतात, दातावर दात, तासन् तास, आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो.

झोपेत होतं ते असं. झोप पूर्ण मोडत नाही, पण मध्येच मेंदू काही सेकंद जागं झाल्यासारखं करतो, नाडी वाढते, आणि त्याच्या मागोमाग जबड्याचे स्नायू आवळले जातात. म्हणजे आधी मेंदू, मग जबडा. दात वाकडे आहेत म्हणून माणूस दात खातो ही समजूत जुनी झाली. टेन्शन असतं, दिवसभराचा चहा-कॉफी, तंबाखू, दारू असते, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी वाढतं (गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा), आणि घोरणाऱ्या माणसाचा झोपेत श्वास अडकत असेल तर तेही एकदा तपासून घ्यायला पाहिजे.

(क्लिनिक. बाई खुर्चीत. डॉक्टर मॅडम मागे उभ्या.)

आता मॅडम काय करतायत ते नीट बघा, मला या अख्ख्या व्हिडिओत हाच शॉट सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आरसा नाही, टोकेरी सळई नाही, ड्रिल तर नाहीच. दोन्ही हातांची बोटं बाईंच्या गालांवर ठेवलीत, कानाच्या जरा पुढं आणि खाली. बाई, दात आवळा. बोटांखाली गोळा वर येतो, दिसला? हा मॅसेटर. आकाराच्या मानाने शरीरातल्या अगदी ताकदवान स्नायूंपैकी एक. तुम्ही पण आत्ता गालावर हात ठेवून दात आवळून बघा, लागेल हाताला. मॅडम बोट थोडं खाली सरकवतात, दाबतात, आणि बाईंचा हात खुर्चीवरून उठतो. काय म्हणाल्या ऐका.

"अहो मॅडम, हीच ती! हीच दाढ दुखते माझी."

मॅडमनी दाढेला हात लावलेला नाही. बोट बाहेर, गालावर आहे.

आता हे असं का होतं. मॅसेटरचं दुखणं माणसाला दाढेत जाणवतं, कानशिलावरच्या टेम्पोरालिस स्नायूचं वरच्या दातांत जाणवतं, आणि जबड्याच्या सांध्याचं कानात. खोटं नसतं ते, खरंच तिथं दुखतं, फक्त दुखण्याचं मूळ तिथं नसतं. एवढी एक गोष्ट वेळेवर कळली असती तर बाईंची दोन वर्षं वाचली असती. आधी कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडं, कान स्वच्छ. मग दाढ दुखते म्हणून एका ठिकाणी एक रूट कॅनाल, मग त्याच्या शेजारच्या दाढेचं रूट कॅनाल, कॅप, आणि दुखणं होतं तिथंच. कुठं केलं, कुणी केलं ते विचारू नका म्हणाल्या बाई. आम्हीही विचारलं नाही. पण एक प्रश्न मी इथं विचारणार, कारण त्यासाठीच हा व्हिडिओ केलाय. त्या दोन वर्षांत कुणीतरी एकदा गालाला हात लावायला काय हरकत होती? वीस सेकंद लागतात.

मॅडम आता स्टीलची पट्टी घेतायत. तोंड किती उघडतं ते मोजतात, वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत. मोठ्या माणसाचं साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडायला पाहिजे. घरी बघायचं तर आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. बाईंची दोनच गेली. पट्टीवर ३१.

आणि हा आवाज, माइक कानाजवळ धरून घेतलाय, टक्. उघडताना एक, मिटताना जरा हलका एक. कानाच्या पुढचा हा सांधा विचित्र आहे, म्हणजे नुसता बिजागरीसारखा फिरत नाही, तोंड जास्त उघडलं की पुढं घसरतोही. मध्ये एक चकती असते कुर्च्यासारखी. ती पुढं सरकलेली असली की जबडा तिच्यावर चढताना टक् होतं. लोक या आवाजाला फार घाबरतात. न दुखणारा, न अडकणारा आवाज असेल तर त्याला काहीही करायची गरज नसते. चकती आडवी येऊन तोंड उघडायचंच बंद झालं, तर मात्र लगेच दाखवा.

(जुन्या पुस्तकांची पानं, मॅडमच्या कपाटातली.)

इथं जरा मागं जाऊ. बाई आधी कानाच्या डॉक्टरांकडं गेल्या म्हणालो ना, तर या दुखण्याचा इतिहासच कानाच्या डॉक्टरपासून सुरू होतो म्हटलं तरी चालेल. १९३४ साली अमेरिकेत सेंट लुईसचे जेम्स कॉस्टेन, कान-नाक-घशाचे डॉक्टर, त्यांनी अकरा पेशंटची हकिगत छापली. कान भरल्यासारखा वाटतो, कानात आवाज, चक्कर, डोकं दुखतं. आणि त्यांनी याचं खापर जबड्याच्या सांध्यावर फोडलं, मागच्या दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो आणि मागं दाबतो असं त्यांचं म्हणणं. ते कारण पुढं टिकलं नाही, पण एक झालं, कानाच्या डॉक्टरांनी हे दुखणं दातांच्या डॉक्टरांच्या ओटीत घातलं. आणि दातांच्या डॉक्टरांच्या हातात काय असतं? मशीन. मग पुढं कित्येक वर्षं चावा बरोबर नाही, चावा जुळवा, असं म्हणून चांगले दात घासले गेले, चांगल्या दातांवर कॅपा बसल्या. घासलेलं इनॅमल परत येत नाही. शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू आहे ती, पण हाड जुळतं तशी ती जुळत नाही.

१९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ एकत्र बसवले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की सुरुवात परत फिरवता येईल अशा उपायांनीच करा. २०१८ मध्ये ब्रक्सिझमवर काम करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांनी म्हटलं की तब्येतीने ठणठणीत माणसात दात खाणं हा आजार न मानता एक वागणूक माना, ज्याच्यामुळे त्रास होऊ शकतो, किंवा होणारही नाही. आणि २०२३ ला बीएमजे या ब्रिटिश नियतकालिकात जुनाट जबडादुखीवर मार्गदर्शन आलं, त्यात सगळ्यात वरचा जोर कशावर आहे तर समजावून सांगणं, जबड्याचे व्यायाम, मसाज, मनावरचा ताण हाताळायला शिकवणं. नुसत्या गार्डवर, म्हणजे रात्री दातांवर बसवायच्या प्लास्टिकच्या कवचावर, दुखणं जाईल या भरवशावर राहू नका, असाच त्याचा सूर आहे.

हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण आता पुढची बरीच मिनिटं तुम्ही गार्डच बघणार आहात. गार्ड कॅमेऱ्यात दिसतो, व्यायाम दिसत नाही. गार्डचं मुख्य काम दात वाचवणं, दात खाणं तो बंद करत नाही. पहिले काही आठवडे कमी होतं कधीकधी, मग पुन्हा सुरू. फक्त झिजतं ते प्लास्टिक, दात नाही.

(माप घेताना. रबरी वाटी, गुलाबी लगदा.)

ही अल्जिनेटची पावडर, समुद्रातल्या शेवाळापासून काढतात. रबरी वाटीत पाणी, आणि मग घोटायचं, असं कडेला दाबून दाबून, पुरणासारखं, गुठळी राहता कामा नये. दोन-तीन मिनिटांत बसतं, त्यामुळे गडबड. ट्रेमध्ये भरलं, तोंडात. बाईंना उमासा येतोय, मॅडम म्हणतात नाकाने श्वास, डोकं पुढं, पायाची बोटं हलवा. पायाची बोटं का? लक्ष तिकडं जातं म्हणून. बाईंची चप्पल बघा खाली. आणि निघालं, दातांचा उलटा छाप. काही ठिकाणी आता हे माप कॅमेऱ्याने घेतात, तोंडात स्कॅनर फिरवून. इथं अजून वाटी आहे.

(लॅब.)

मामांकडं माप आलं की आधी धुतात, मग स्टोन ओततात, थरथरणाऱ्या मशीनवर धरून, म्हणजे हवेचा बुडबुडा राहत नाही. एका कोपऱ्यातून ओतायचं आणि वाहू द्यायचं, पहिला दात भरला की दुसरा, दुसरा भरला की तिसरा, बघत राहावं असं आहे ते. तासाभराने साचा सुटतो. मग आर्टिक्युलेटर. हे पितळी बिजागरीचं यंत्र म्हणजे मामांच्या टेबलावरचा जबडा. वरचा साचा वर, खालचा खाली, मध्ये बाईंनी चावलेलं मेण, त्या मेणावरून दोन्ही जागेवर.

आता मेण. गुलाबी पट्टी दिव्यावर फिरवायची, जळता कामा नये, नुसती लवली पाहिजे. साच्यावर बसवली, दोन-एक मिलिमीटर जाडी, सुरीने कड कापली. मामा सुरी गरम करतात, एक थेंब मेण ठेवतात, आर्टिक्युलेटर मिटतात, उघडतात, बघतात. पुन्हा थेंब. आम्ही हा शॉट तीन मिनिटं घेतला होता, इथं तीस सेकंदच ठेवलाय.

मग फ्लास्क, म्हणजे दोन भागांचा धातूचा डबा. त्यात साचा प्लास्टरमध्ये गाडायचा, उकळत्या पाण्यात मेण वितळवून काढायचं, त्या पोकळीत अ‍ॅक्रिलिक भरायचं. पावडर आणि लिक्विड. लिक्विडचा वास व्हिडिओत येत नाही हे बरं, आमचा कॅमेरामन बाहेर जाऊन उभा राहिला. कालवल्यावर आधी ओल्या वाळूसारखं दिसतं, मग तारा सुटतात, मग कणकेसारखं होतं. त्याच वेळी भरायचं, आधी नाही नंतर नाही. वर सेलोफेन, प्रेस, उघडून जास्तीचं काप, पुन्हा प्रेस, क्लॅम्प. आणि पाण्यात. ७०-७५ डिग्रीला, रात्रभर. घाई करून एकदम उकळलं तर आतलं लिक्विडच उकळतं आणि गार्डमध्ये बुडबुडे राहतात. मामा म्हणाले, "झटपटवाल्याचा गार्ड उजेडात धर, कळतंय लगेच."

(मिरज, सतारमेकर गल्ली, संध्याकाळ.)

रात्रभर थांबायचंच होतं, म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही वाचलं असेल. इथं एक कारागीर जवारी काढत बसले होते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा अगदी किंचित गोलसर घासायचा, तार त्याच्यावर नुसती चाटून गेली पाहिजे, दाबून बसली तर आवाज मेला, सुटली तरी गेला. कानस एकदा फिरवली, तार छेडली, ऐकलं. पुन्हा एकदा. त्यांना विचारलं किती वेळ लागतो, तर मान वर न करता म्हणाले, लागतो तेवढा.

हा शॉट मी का ठेवलाय ते आता पुढचं बघितलं की कळेल.

(क्लिनिक. निळा कागद.)

दुसऱ्या दिवशी गार्ड आला. मामांनी घासून, प्युमिसची पॉलिशची पूड लावून चकचकीत केलेला, काचेसारखा. बाईंच्या वरच्या दातांवर टक्कन बसला, पण काम संपलेलं नाही, काम आता सुरू झालंय. मॅडम निळा कागद दातांमध्ये ठेवतात, टकटक चावा. गार्ड काढला. तीन ठिकाणी निळा ठिपका, डावीकडं मोठा. तेवढाच, डाळीच्या दाण्याएवढा भाग मशीनने उतरवला. पुन्हा कागद. आता पाच ठिपके. पुन्हा. सात. खालचा प्रत्येक दात गार्डला सारखाच टेकला पाहिजे, एकावरही जास्त भार नको. मग लाल कागद, आता बाजूला घासा, आणि लाल रेघ फक्त सुळ्याच्या जागी उमटली पाहिजे. जबडा बाजूला गेला की सुळ्याने उचलून धरायचं, मागच्या दाढा सुटल्या पाहिजेत. बाईंचे खरे सुळे तर झिजून गेलेत. ते टोक मामांनी अ‍ॅक्रिलिकमध्ये परत उभं केलंय, कडेचा तो छोटा उंचवटा.

चाळीस मिनिटं लागली. पुन्हा आठ दिवसांनी बोलावलं, पुन्हा निळा, पुन्हा लाल. स्नायू सैलावतात तसा जबडा जरा जागा बदलतो, म्हणून एकदाच करून भागत नाही. ऑनलाइन मिळणारे गरम पाण्यात बुडवून चावायचे मऊ गार्ड आहेत, स्वस्त आहेत, पण काही लोक ते च्युइंगमसारखे जास्तच चावतात. आणि फक्त पुढच्या चार दातांवर बसणारा तुकडा महिनोन्महिने लावला तर मागच्या दाढा हलून चावा बिघडू शकतो. असा गार्ड कुणाला सांगितला असेल तर कोणी तपासतंय का, कधी तपासतंय, ते विचारून घ्या. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत कृत्रिम दातांच्या विभागात असे गार्ड करतात, खाजगीत परवडत नसेल त्यांनी तिथं जावं.

बाईंची एक दाढ आधीच मुळापर्यंत चिरली होती, ती काढावी लागली.

(शाळा. तिसरीचा वर्ग.)

आता टिकल्या. मॅडमनी बाईंना सांगितलं, दिवसभर दात एकमेकांना टेकलेच नाही पाहिजेत. ओठ मिटलेले, दात सुटे. खाताना, गिळताना टेकतात तेवढं बास, निरोगी माणसाचे वरचे-खालचे दात चोवीस तासांत सगळे मिळून अर्धा तासही टेकत नाहीत. जीभ कुठं ठेवायची? 'न' म्हणताना जाते तिथं. बाई हसल्या, बाराखडी आमची आम्हालाच का, म्हणून. पण लक्षात कसं राहणार? तर बाईंनी टिकल्यांचं पाकीट घेतलं. हजेरीपटावर एक, ही बघा लाल. फळ्याच्या कोपऱ्यात एक. मोबाईलच्या मागं, घड्याळावर, घरी गॅसच्या वरच्या फरशीवर. टिकली दिसली की जबडा सोडायचा, खांदे खाली. पहिल्या दिवशी, बाई सांगतात, जितक्या वेळा टिकली दिसली तितक्या वेळा दात आवळलेलेच होते. पोरांना ओरडताना नाही हं, वह्या तपासताना. शांत बसून लाल पेन फिरवताना.

पोरांना कळलंय. टिकलीकडं बोट दाखवून ओरडतात, "बाई, दात!"

बाकी रोजचं असं, गालावर गरम पाण्याचा कपडा दहा मिनिटं, बोटांनी गोल मसाज, तीन बोटांचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ हळूहळू. सहा आठवडे ऊस नाही, चिवडा नाही, भाकरी आमटीत कुस्करून. चहा सहावरून दोनवर. तासगावकडं राहून ऊस सोडायचा म्हणजे काय ते तिकडच्या माणसालाच विचारा.

(लॅब. दोन महिन्यांनी.)

पट्टीवर आता ४०. तिसरं बोट जातंय, हे बघा बाई स्वतःच करून दाखवतायत. डोकं आठवड्यातून एखाद्या दिवशी दुखतं अजून. गार्ड तपासायला आणलाय, बाई यावेळी स्वतः लॅबवर आल्यात, मामांना कधी बघितलंच नव्हतं त्यांनी.

मामा गार्ड खिडकीशी धरतात, साचा धरला होता तसाच. चकाकी गेलीय कडेची. सुळ्याच्या जागी बारीक ओरखडे आहेत, एकाच दिशेचे, दहा-बारा तरी, आणि एक जरा खोल.

"हे बघा बाई. हे सगळं दातावर गेलं असतं."

बाई चष्मा लावून बघतात. बराच वेळ. मग गार्ड डबीत, डबी पर्समध्ये, आणि पाच दहाची तासगाव एसटी.